किल्लेदारांच्या दोन ओळी

गावात कुलपं दुरुस्त करणारे तिघे होते. किल्ली हरवली की लोक पहिल्या दोघांकडे जात, आणि त्या दोघांनी हात टेकले की तिसऱ्याकडे येत. हा तिसरा म्हणजे आपले किल्लेदार. आडनावानं नव्हेत. लोकगीत मंडळातल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं, कारण मंडळाच्या दारात ते सतरा वर्षं ठाण मांडून बसले होते आणि त्यांनी दार उघडल्याशिवाय आत माशी शिरत नव्हती.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकंडी. डाव्या भिंतीवर न कापलेल्या किल्ल्यांच्या माळा, उजवीकडे घासायचं यंत्र, आणि मध्ये एका गिऱ्हाइकापुरती जागा. दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्यानं फुटपाथवर थांबायचं. अडलेलं कुलूप उघडायची किल्लेदारांची पद्धत वेगळी होती. बारीक तार आत सरकवायची, कुलपाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि आतल्या पट्ट्यांची टकटक ऐकत बसायचं. मध्ये कुणी बोललं की ते बोट वर करून "श्श!" करत. एका हेडमास्तरांना त्यांनी स्वतःच्याच घराच्या पायरीवर दहा मिनिटं असं गप्प उभं केलं होतं, आणि गावातल्या दोन पिढ्यांना त्या बातमीनं फार समाधान दिलं.

तर कान असा. पण गळ्याचं काय? देवानं कान देताना हात सैल सोडला आणि गळ्याच्या वेळी आखडता घेतला. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी त्यांना समूहगीतातून बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं." त्यांनी ते इतकं मन लावून केलं, की कार्यक्रम संपल्यावर तीन पालकांनी येऊन त्यांच्याच गाण्याचं कौतुक केलं. लोक हसतील ही भीती तेव्हापासून मनात बसली ती बसलीच. बेसुऱ्या माणसाला आपण बेसूर आहोत हे कळत नसेल तर तो सुखी असतो. किल्लेदारांना स्वतःचा सूर किती केसानं चुकतोय हे बिनचूक कळायचं, आणि खरी पंचाईत तिथंच होती.

असा माणूस लोकगीत मंडळात गेलाच कशाला, असं कुणीही विचारील. बायकोमुळे. पुरुष आयुष्यात ज्या चार बऱ्या ठिकाणी जाऊन पोचतात, तिथं ते बहुतेक असेच पोचतात. किल्लेदारांची बायको घरी शिवणकाम करायची आणि मशीन चालवता चालवता गायची. गाणं दुःखाचं असेल तर टाके जवळजवळ पडत, आनंदाचं असेल तर शिवण उसवून पुन्हा घालावी लागे. चारचौघांत गायला मिळावं म्हणून ती मंडळात जाऊ लागली, आणि एका रविवारी नवऱ्यालाही हाताला धरून घेऊन गेली.

मंडळ भरायचं रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी दुपारी चारला. महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाहुणे गायला येत. खोलीत चाळीस खुर्च्या, तारपीनचा वास, आणि समोरच्या भिंतीवर रंगवाल्यानं उरलेल्या हिरव्या रंगात लिहिलेला मंडळाचा एकुलता एक नियम: ज्याला कान, त्याला तोंड. म्हणजे असं, की या खोलीत जो ऐकायला बसला त्यानं आधी गायचं. कार्यक्रमाआधी फेरी व्हायची. खुर्च्यांच्या ओळीनं एकेक जण उठायचा आणि निदान दोन ओळी म्हणायचा. घसा बसलाय वगैरे सबब चालत नसे. मंडळाचे अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर होते. ते खिशातून बॅटरी काढून "बघू, आ करा" म्हणत आणि खरोखरच बघत.

त्या पहिल्या रविवारी किल्लेदार दहा मिनिटं अगदी सुखात होते. मग फेरी सुरू झाली. उठणं, दोन ओळी, बसणं, उठणं, दोन ओळी, बसणं, असं करत करत ते संकट आपल्याच रोखानं येतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. मध्ये दोन माणसं उरली तेव्हा ते ताडकन उठले. "खाली कुणीतरी दार ठोठावतंय," म्हणाले. कुणीही ठोठावत नव्हतं. पण कुलूपवाल्याचा कान तिखट, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

खाली येऊन ते रस्त्याकडच्या दारासमोर उभे राहिले. वरून डॉक्टरांची हाक आली, "अहो, या की! तुमचीच पाळी!" आणि किल्लेदारांचा हात आपसूक खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. ते दार मिटलं की कुलपाची जीभ आपोआप चौकटीत अडकायची, आणि बाहेरची मूठ फिरवली की सुटायची. या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक पितळी पिन असते. ती काढली की मूठ नुसती गरगर फिरते आणि बाहेरचा माणूस बाहेरच राहतो. किल्लेदारांनी ती पिन काढली आणि रिकाम्या काडेपेटीत टाकली.

"कुलूप बिघडलंय!" ते जिन्याखालून ओरडले. "दार आतून कुणीतरी उघडायला हवं. मी बसतो इथं."

हा त्याग पाहून मंडळ गहिवरलं. "नवा माणूस, पण बघा!" असं डॉक्टर म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

त्यानंतर सतरा वर्षं किल्लेदार दर रविवारी जिन्याच्या पायथ्याशी एक लहानसं टेबल मांडून बसले. दार वीट लावून उघडं ठेवता आलं असतं, पण जिन्याखाली रंगवाल्याचे डबे असत आणि त्याला ते मान्य नव्हतं. कुलूप का दुरुस्त होत नाही असं कुणी विचारलं की किल्लेदार सुस्कारा टाकून सांगत, "जुनी बनावट आहे. सुटा भाग मिळत नाही. मी लिहिलंय." कुणाला लिहिलंय हे कुणी विचारलं नाही. नवीनच बसवू, असं एकदा रंगवाला म्हणाला. त्यावर किल्लेदारांनी त्याला समजावलं, की नवीन कुलूप या दाराला पेलणार नाही, दार बदललं तर चौकट बदलावी लागेल आणि चौकट काढली तर भिंतीचा काही भरवसा नाही. रंगवाल्यानं हात जोडले. गावातला सगळ्यात हुशार कुलूपवाला आपल्या मंडळात असताना दुसऱ्या कुणाला बोलवायचं, हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

आता दारात बसून रिकामा माणूस काय करणार? त्यांच्याकडे पाहुण्यांचा पत्रव्यवहार आला. कुणाला बोलवायचं, कधी बोलवायचं, हे सगळं तेच ठरवू लागले आणि दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं 'आगामी पाहुणे' लिहू लागले. तो फळा वाचायला शेजारच्या गल्लीतनं लोक येत. "आगामी पाहुणे: ढोलवाले तिघे भाऊ. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर बसावं." "आगामी पाहुणे: समुद्रावरची गाणी म्हणणारे निवृत्त खलाशी. ज्यांना बोट लागते त्यांनी खिडकीपाशी बसावं." "आगामी पाहुणे: बासरीवाले मामा आणि भाचा. दोघांत एकच बासरी असल्यामुळे कार्यक्रम लांबेल."

गंमत अशी, की यातल्या एकाही पाहुण्याला किल्लेदारांनी धड ऐकलं नव्हतं. छत जाड होतं. खाली पोचायचा तो फक्त पायांचा ठेका आणि शेवटच्या टाळ्या. तेवढ्यावरनं ते मत बनवत, आणि बायको घरी जाताना सांगायची त्याच्याशी ते मत कधी जुळायचं, कधी नाही.

पण या सगळ्या उठाठेवीमागे किल्लेदारांचा एक स्वार्थ होता, आणि तो सांगायलाच हवा. प्रत्येक पाहुण्याला पाठवलेल्या पत्राच्या शेवटी ते एक ताजा कलम घालत. "ता. क. लहानपणी आई मला एक अंगाई म्हणत असे. 'झोपे, आत ये गं, दार आहे उघडं, बाळाच्या डोळ्यांवर टाक तुझं घोंगडं.' पुढचं मी विसरलो आहे. आपणास ठाऊक असल्यास कृपया कळवावं."

आई गेली तेव्हा किल्लेदार नऊ वर्षांचे होते. आईचं माहेर डोंगरापलीकडचं, आणि ती गेल्यावर तिकडचं येणं-जाणं थांबलं. तिचा फोटो होता, पण त्यात ती कुणा दुसऱ्याचीच आई असावी तशी अवघडून बसलेली. खरी आई उरली होती ती त्या दोन ओळींत, पाठीवर पडणाऱ्या तिच्या हाताच्या थापेसकट. तिसऱ्या ओळीसाठी त्यांनी डोकं खाजवून खाजवून आयुष्य घालवलं होतं. एवढं जपून ठेवायचं सोडून आपण ते विसरलो कसे, याचा त्यांना मनातून राग यायचा. हरवलेल्या किल्लीवर ते दुसऱ्याला कधी रागावले नाहीत, पण स्वतःला त्यांनी हे कधी माफ केलं नाही.

आणि ते गाणं त्यांनी कुणाला म्हणूनही दाखवलं नव्हतं. बायकोला शब्द ठाऊक होते, चाल नव्हती. मुलगी लहान असताना तिला झोपवायची पाळी आली की ते किल्ल्यांचा जुडगा हळूहळू वाजवत. मुलगी आता परगावी नोकरी करते, आणि कुणी खिशातनं किल्ल्या काढल्या की जांभई देते.

सतरा वर्षांत दीडशेच्या वर पाहुणे झाले. एकानं पुढची ओळ म्हणून चौदा कडवी स्वतःच रचून पाठवली, त्यात सगळी फळं आणि सगळे पक्षी येऊन गेले. खलाशांनी कळवलं, की आम्ही बोटीवर झोपत नाही. बाकीच्यांनी "माहीत नाही, क्षमस्व" लिहिलं. मग कुणीतरी डोंगरापलीकडच्या दोघी बहिणींचं नाव सांगितलं. वय थोरलीचं अठ्ठ्याहत्तर, धाकटीचं पंचाहत्तर, आणि जुनी घरगुती गाणी त्यांच्याइतकी कुणाला येत नाहीत म्हणे. किल्लेदारांनी लगेच बोलावणं धाडलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं: "यंदा शेळ्या व्यायल्यात." पुढच्या वर्षी: "थोरलीचा गुडघा." त्याच्या पुढच्या वर्षी: "धाकटीचा गुडघा." चौथ्या वर्षी: "गुडघे बरे आहेत, पण एकमेकींशी बोलत नाही."

पाचव्या वर्षी कार्ड आलं ते दोन्ही बाजूंनी भरलेलं. "बोलायला लागलो. येतो. हे पहिलं आणि शेवटचं, यापुढे कुणाचे जिने चढणार नाही. तुम्ही दर वर्षी दोन ओळी विचारता. तसल्या शब्दांची आमच्याकडे सात गाणी आहेत. चाल ऐकल्याशिवाय कुठलं ते कसं सांगणार? समोर बसून म्हणा, मग सांगू."

किल्लेदारांनी कार्ड तीनदा वाचलं. मग यंत्र बंद केलं आणि दुकानाचं दार ओढून घेऊन बोळकंडीत एकटेच बसून राहिले. आयुष्यभर शोधलेली वस्तू हाताशी आली होती, आणि मध्ये अडचण होती ती फक्त स्वतःच्या गळ्याची.

फळ्यावर त्यांनी दोघींबद्दल अकरा ओळी लिहिल्या. फळा संपला तेव्हा उरलेलं दारावर लिहिलं. आणि सरावाला लागले. दुकानात यंत्र चालू करायचं, त्याच्या घरघरीत तोंड घालायचं आणि दोन ओळी म्हणायच्या. दुसऱ्याच दिवशी किल्ली करायला आलेल्या एका आजोबांनी काळजीनं सांगितलं, "यंत्राला जरा तेल द्या हो. आत काहीतरी घासतंय." त्या आठवड्यात आणखी दोघांनी तेच सांगितलं. किल्लेदारांनी घाबरून सराव आवरता घेतला आणि एक बेत आखला. पाहुण्या शेवटी आपल्याच दारातून आत येणार. सगळ्यांना आधी वर पिटाळायचं, आणि दोघी आल्या की टेबलापाशीच थांबवून, हळू आवाजात, दोन मिनिटांत उरकून घ्यायचं. खाली कुणी नाही, हसायला कुणी नाही.

रविवारी साडेतीनलाच त्यांनी झाडून सगळ्यांना वर घालवलं. "पाहुण्यांना गर्दी चालत नाही," असं ठोकून दिलं. पावणेचारला दार वाजलं. थोरलीच्या हातात काठी आणि धाकटीच्या काखेत उशी.

"तू कोण रे?" थोरलीनं विचारलं.

"पत्रं लिहितो तो."

"हां, दोन ओळीवाला!"

किल्लेदारांनी वर बघितलं, खाली बघितलं, घसा खाकरला. "म्हणून दाखवतो. आत्ता, इथंच. दोन मिनिटं."

"थांब थांब," थोरली म्हणाली. "दम मोजका आहे माझ्याकडे. हा जिना चढायचा, मग गायचं. इथं उभी राहून तुझंही ऐकत बसले तर कशाला तरी कमी पडेल. वर ये, तिथं म्हण."

"मी वर येत नाही."

"का?"

"दार... दारात बसावं लागतं. कुलूप बिघडलंय."

धाकटीनं मूठ फिरवून पाहिली. ती गरगर फिरली. "आणि तू कामधंदा काय करतोस म्हणे?"

किल्लेदारांना हा प्रश्न आयुष्यात कधी इतका जड गेला नव्हता. "कुलपं दुरुस्त करतो," ते पुटपुटले.

थोरली हसायला लागली, पण तीन पायऱ्या चढून गेल्यावर दम पुरवायचा म्हणून हसायची थांबली. "ये हो वर," धाकटी जाता जाता म्हणाली. "एवढ्या लांबून आलोय. आणि परत काही यायच्या नाही."

दोघी वर गेल्या. खुर्च्या सरकल्या, डॉक्टरांचा स्वागताचा आवाज घुमला. किल्लेदार टेबलापाशी उभे होते. खाली बसून राहिलं तर आज काही बिघडणार नव्हतं. पाहुण्या गातील, टाळ्या होतील, दार उघडून त्यांना निरोप देता येईल आणि तिसरी ओळ डोंगरापलीकडे परत जाईल. त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि अगदी मागून काडेपेटी काढली.

पिन बसवायला पाऊण मिनिट लागलं. त्यांनी दार मिटलं, उघडलं, बाहेर जाऊन मूठ फिरवली. दार मुकाट्यानं उघडलं. आत वळून बघतात तो जिन्यात बायको उभी.

"मिळाला वाटतं सुटा भाग?" ती म्हणाली.

"तुला... तुला माहीत होतं?"

"अहो, माझं मशीन अडलं की अंधारातसुद्धा दुरुस्त करता तुम्ही. आणि हे एवढंसं कुलूप सतरा वर्षं जमत नाही होय? मी काय दुधखुळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कुलूप दुरुस्त झालं असतं, आणि तुम्ही घरी बसला असता. दारात का होईना, येत तर होतात." तिनं काडेपेटी त्यांच्या हातातून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "चला आता. फेरी सुरू झालीय."

वर त्यांना पाहताच खोलीत कुजबूज झाली. "दार?" डॉक्टरांनी विचारलं. "झालं," बायकोनं सांगितलं, आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. त्या खुर्चीवर ती दर रविवारी पिशवी ठेवायची. कुणी जागा मागितली तर "येणार आहेत" म्हणायची, आणि लोक समजत, कुणी मैत्रीण येणार असेल. किल्लेदार खुर्चीत बसले.

फेरी सरकत सरकत आली. मंडळातला बासरीवाला झाला, गावच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका झाल्या, बायको झाली. आज तिचं गाणं आनंदाचं होतं.

"आ करा," डॉक्टर अगदी मायेनं म्हणाले. बॅटरी त्यांनी काढली नाही.

किल्लेदार उठले. समोरची हिरवी अक्षरं त्यांना दिसत होती, पण वाचता येत नव्हती. त्यांनी डोळे मिटले, अडलेल्या कुलपापुढे मिटत तसे, आणि म्हणाले:

"झोपे, आत ये गं, दार आहे उघडं,
बाळाच्या डोळ्यांवर टाक तुझं घोंगडं."

आवाज गंजलेल्या बिजागरीचा होता. सूर पहिल्या शब्दाला निसटला, दुसऱ्याला सापडला आणि 'घोंगडं'वर पुन्हा घसरून पडला. किल्लेदारांना त्यातली प्रत्येक चूक ऐकू आली. बासरीवाला आपल्या बासरीकडे बघत राहिला. हसलं मात्र कुणी नाही. कदाचित ते हसले असते, पण त्याआधीच थोरलीनं काठी आपटली.

"पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"आपलंच आहे गं," थोरली धाकटीला म्हणाली. "आईचं."

"आई खालच्या सुरात म्हणायची," धाकटी म्हणाली.

"सर्दी असली की. एरवी वरच्याच."

"तू काय मला सांगतेस? मला झोपवताना म्हणायची ती!"

दोघी आता पुन्हा वर्षभर बोलायच्या बंद होतात की काय, अशी धास्ती पडून किल्लेदार मध्येच म्हणाले, "पुढचं मी विसरलोय. खूप आठवून पाहिलं. पुढची एकही ओळ आठवत नाही. माझी आई..."

थोरलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "विसरला नाहीस रे बाबा तू. ऐकलंच नाहीस."

"म्हणजे?"

"या दोन ओळी पोराच्या. पोर झोपेपर्यंत ह्याच म्हणायच्या, पुन्हा पुन्हा. एकदा का ते निजलं, की मग पुढचं. ते बाईचं स्वतःचं. पोरानं ते ऐकायचं नसतं." आणि धाकटीकडे वळून, "धर गं."

मग त्या दोन म्हाताऱ्या बायका, त्याच संथ, झोपाळू चालीत, कुणाच्या तरी पाठीवर थोपटत असाव्यात अशा गाऊ लागल्या:

"निजलं एकदा पोर, आता तोंड माझं उघडं,
सासूबाईंच्या जिभेवर बांधा कुणी फडकं.

घरात माझा वाघ आणि बाहेर गोगलगाय,
सासू म्हणते लेकाचं माझ्या चुकतं तरी काय?

दीर जेवतो चौघांचं नि कामाला तो आजारी,
नणंद बोटं मोडते बसून माझ्या शेजारी."

पहिल्या कडव्याला खोली चमकली, दुसऱ्याला फुटली. शाळेतल्या शिक्षिका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. डॉक्टरांचा आ इतका मोठा झाला होता, की आयुष्यात प्रथमच त्यांचेच दात सगळ्यांना दिसले. आणि म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही, थोपटल्यासारखा तोच सूर चालू.

किल्लेदार उभेच होते. त्यांची आई घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "गाय आहे गाय," असं आजी चारचौघांत सांगायची, आणि ते कौतुक आहे असंच किल्लेदारांना आजवर वाटत आलं होतं. आईच्या पाठीमागे बसून बोटं मोडणारी आत्या त्यांना आठवली. दोन माणसांचं जेवून पोट दुखतं म्हणून आडवे होणारे काका आठवले. आणि वडील! बाहेर सगळ्यांना "हो साहेब, हो साहेब," आणि घरात पाऊल टाकलं की भांडीसुद्धा वाजायची थांबत. ही गाय त्यांच्या उशाशी बसून, तोच हात पाठीवर ठेवून, सगळ्यांची अशी चंपी करत होती तर! आणि आपण शेजारी ढाराढूर!

ते हसायला लागले. हसता हसता डोळे कधी वाहायला लागले हे त्यांनाही कळलं नाही. "हेच म्हणायची का ती?" त्यांनी विचारलं.

"हेच कसं?" थोरली म्हणाली. "ही आमच्या आईच्या घरची कडवी. हिला झोपवताना मी जागी असायचे, म्हणून कळली. ज्या बाईचं घर तसं तिचं गाणं. तुझ्या आईनं काय काय घातलं असेल ते तिलाच माहीत. पहिल्या दोन ओळी तेवढ्या सगळ्यांच्या सारख्या. आणि शेवटच्या दोन."

"शेवटच्या कुठल्या?"

"त्या व्हायच्यात अजून. तुम्ही हसायचे थांबाल तर ना!"

"मग पहिल्यापासून म्हणाल? सगळं?"

"म्हणू. पण सुरुवात पोरानं करायची. तू म्हण तुझ्या दोन."

किल्लेदारांनी तिसऱ्यांदा म्हटल्या. या वेळी सूर कुठं गेला हे त्यांनी पाहिलंच नाही. मग ते खुर्चीत टेकले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दोघी पुन्हा सगळं गायल्या. सासू आली, वाघ आला, दीर आला, नणंद आली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नेहमी उशिरा येणारा रंगवाला दारात येऊन मोठ्यानं म्हणाला, "अहो, खाली कुणी नाही, आणि मूठ फिरवली तर दार उघडलं!" चाळीस माणसांनी एकदम बोट वर करून "श्श!" केलं. म्हाताऱ्यांचे सूर हळू झाले, अगदी कानाशी बोलल्यासारखे:

"झोपे, जरा थांब गं, जाऊ नको इतक्यात,
अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय पोटात."

किल्लेदारांचे डोळे मिटलेले, हात मांडीवर, श्वास संथ. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपरानं हळूच ढोसलं.

"अहो, झोपलात की काय?"

"नाही," किल्लेदार म्हणाले. "आज नाही."